डॉक्टर म्हणाले, दूध बंद करा

ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे स्तनपान सप्ताह. आमच्या उर्दू शाळेत दरवर्षी अंगणवाडीच्या ताई येतात, आठवी-नववीच्या मुली घोषणा देत मोहल्ल्यातून फेरी काढतात. मी शाळेत मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते, त्यामुळे फलक लिहायचं काम आपोआप माझ्याकडे येतं. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला उर्दूत एकच वाक्य: आईचं दूध म्हणजे बाळासाठी अमृत. अमृतासाठी उर्दूत 'आबे-हयात' लिहिते. कित्येक वर्षं लिहिलं. एका वर्षी मात्र मी ब्रश हातात घेतला आणि खाली ठेवला. सहकाऱ्यांना सांगितलं, डोकं दुखतंय.

ते का, हे आज लिहिते आहे. बहिणीची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "लिखो बाजी, लेकिन मेरा नाम मत डालो." नाव घालत नाही, गावही सांगत नाही. शहादा-तळोदा पट्ट्यातलं एक गाव समजा.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आमच्या फूफीच्या मुलाशी झालं. घरातली मुलगी घरात राहिली म्हणून सगळे खूश होते. मीही होते. अनोळखी सासू मिळण्यापेक्षा फूफी बरी. हुंड्याची मागणी नाही, माहेर-सासर एकच दस्तरखान. वर्षभरात मुलगा झाला. बाळंतपण दवाखान्यात, वजन चांगलं, रडणं खणखणीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो दूध ओकू लागला. मग डोळे पिवळे दिसायला लागले, मग नुसताच झोपून राहायला लागला. बहिणीने मला फोन केला की तो ओढत नाही, ओढलं तर सगळं बाहेर टाकतो. घरात बीएड झालेली मी एकटीच, म्हणून अशा वेळी फोन मलाच येतो. मी म्हणाले, कावीळ बऱ्याच बाळांना होते, पाजत राहा, थोडं थोडं पाजत राहा, आईच्या दुधासारखं औषध नाही.

सातव्या दिवशी अकीका झाला. त्याच संध्याकाळी त्याला एका खासगी दवाखान्यात नेलं. पोट फुगलेलं होतं, सुई टोचली तिथून रक्त थांबत नव्हतं. अकराव्या दिवशी तो गेला. कागदावर लिहिलं होतं 'सेप्सिस', म्हणजे रक्तात जंतू पसरले. ते खोटं नव्हतं. जंतू होतेच. ते तिथे का पोहोचले हे मात्र त्या कागदावर नव्हतं, आणि ते विचारावं हे आमच्यापैकी कुणाला सुचलंही नाही. शेजारच्या अहिराणी बोलणाऱ्या काकूंनी हळहळत सांगितलं, पोऱ्याले नजर लागनी. आमच्या घरातल्या बायकांनी तेच उर्दूत सांगितलं. अशा बाबतीत दोन्ही मोहल्ल्यांचं निदान एकच असतं.

दुसऱ्या वेळी मुलगी झाली. आईचं दूध पिऊन छान गुटगुटीत झाली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तिसऱ्या वेळी पुन्हा मुलगा, आणि चौथ्या दिवशी पुन्हा तीच ओकारी. आता मोठ्यांदा बोललं जाऊ लागलं. मुलगी पचते, मुलगा पचत नाही, हिच्या दुधातच काहीतरी आहे. कुणीतरी 'मनहूस' हा शब्द वापरला. कुणीतरी दुसऱ्या निकाहाचा विषय अर्धवट काढून सोडला, म्हणजे तो तिच्या कानावर पडेल पण कुणी काढला हे ठरणार नाही. बकरीचं दूध पाजून पाहा, असाही सल्ला आला. पाजलंही. फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता, हे पुढे कळलं.

नंदुरबारकडची माणसं गंभीर आजाराला धुळ्याला जातात नाहीतर सुरतला. नवापूरचं स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, त्यामुळे आम्हाला सुरत परराज्यातलं वाटत नाही. आम्ही सुरत गाठलं. तिथे एका तरुण डॉक्टरांनी बाळाला हात लावायच्या आधी दोन प्रश्न विचारले. घरात असं मूल आधी गेलं आहे का? आणि नवरा-बायको नात्यातले आहेत का? दोन्हींचं उत्तर हो आलं, तसं ते म्हणाले, दूध बंद करा. आईचंही, बकरीचंही, डब्यातलंही. आत्ताच्या आत्ता.

बहीण माझ्याकडे बघत राहिली. मग तिने डॉक्टरांनाच विचारलं, "माँ के दूध में कैसा जहर होता साब?"

डॉक्टर म्हणाले, दूध चांगलंच आहे. बाळाच्या शरीरात एक कामगार गैरहजर आहे.

लघवीची तपासणी दोन प्रकारे केली. साखरेच्या पट्टीवर काहीच दिसलं नाही. मग जुन्या पद्धतीने, बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात घालून तापवली, तर रंग विटकरी झाला. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना हे नंतर सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, मॅडम, म्हणजे साखर होती पण ग्लुकोज नव्हतं! पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते, बेनेडिक्ट इतर साखराही पकडतं. शाळेच्या प्रयोगशाळेत जी बाटली धूळ खात पडलेली असते त्या बाटलीने माझा भाचा वाचवला, असं मी म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. रक्त चढवण्याआधी नमुना काढून घेतला आणि एन्झाइमच्या तपासणीला पाठवला. बाहेरचं रक्त गेलं की ही तपासणी फसते, दुसऱ्याचं एन्झाइम मोजलं जातं. अहवाल यायला दिवस लागले, पण तोवर सोयाबीनच्या डब्यावर बाळ शुद्धीत आलं होतं. आजाराचं नाव गॅलॅक्टोसेमिया.

आता हा आजार काय असतो ते सांगते, कारण 'दुधाची ॲलर्जी' असं म्हणून लोक मोकळे होतात आणि ही ॲलर्जी नाही. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. पोटात गेल्यावर तिचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. ग्लुकोज शरीर थेट वापरतं. गॅलॅक्टोजचं आधी ग्लुकोजात रूपांतर करावं लागतं. यकृतात हे काम साखळीने होतं, एकाने करून दुसऱ्याच्या हातात द्यायचं. या साखळीचा उलगडा अर्जेंटिनाच्या लुईस लेलॉयर यांनी केला, त्यांना १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. साखळीतलं एक एन्झाइम, डॉक्टर ज्याला गाल्ट म्हणतात, ते बाळात जन्मतःच नसेल तर काम मध्येच अडतं आणि अर्धवट झालेला माल साठत जातो. यकृत सुजतं, कावीळ होते, रक्त गोठेनासं होतं, डोळ्यात मोतीबिंदू धरू शकतो. आणि अशा बाळांच्या रक्तात ई. कोलाय नावाचे जंतू फार सहज शिरतात. म्हणजे कागदावरचा तो 'सेप्सिस' शेवटचा दरवाजा होता. पहिला दरवाजा कुणी पाहिलाच नव्हता. पोटातलं बाळ आईच्या रक्तावर वाढत असतं म्हणून जन्मताना ते ठणठणीत दिसतं, दूध सुरू झाल्यावर चार दिवसांत चित्र पालटतं. बकरीच्या, गाईच्या, म्हशीच्या, सगळ्या दुधात लॅक्टोज असतंच.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर हा लेख वाचून कुणीतरी बाळाचं दूध तोडेल आणि ते पाप माझ्या माथी येईल. हा आजार हजारो बाळांत एखाद्याला होतो. बाकी सगळ्या बाळांना आईचंच दूध हवं, आमच्या कुपोषणाच्या जिल्ह्यात तर जास्तच हवं. माझ्या भाचीला तेच दूध मानवलं. दूध डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच बंद करायचं, मोहल्ल्याच्या सांगण्यावरून नाही.

मग दोन भावांना झालं आणि बहिणीला का नाही? हे समजायला आमच्या जिल्ह्यात एक सोय आहे, ती म्हणजे सिकलसेल. नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत हा आजार इतका आहे की शाळेतल्या पोरांनाही 'वाहक' आणि 'रुग्ण' यातला फरक कळतो. गणित तेच आहे. मी वर्गात पुस्तकाचं उदाहरण देते. प्रत्येकाकडे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतात, एक अब्बाकडून आलेली, एक अम्मीकडून. एका प्रतीत चाळिसाव्या पानावर छपाईची चूक असली तरी दुसरी प्रत शाबूत असते, वाचणाऱ्याचं अडत नाही. तो वाहक, त्याला आजार नाही. पण दोन वाहकांचं लग्न झालं आणि दोघांनी नेमकी चुकीची प्रतच बाळाला दिली, तर बाळाकडे चाळिसावं पान धड असलेली एकही प्रत नाही. प्रत्येक बाळंतपणात हे होण्याची शक्यता चारात एक.

हे 'चारात एक' फार फसवं आहे. फूफीने मला विचारलं, एक गेलं, मग पुढची तीन चांगली व्हायला पाहिजेत ना? तसं नसतं. पिशवीत तीन पांढऱ्या गोट्या आणि एक लाल. हात घालून एक काढली, पाहिली आणि परत पिशवीतच टाकली. पुढच्या वेळीही पिशवीत चारच गोट्या आणि त्यातली एक लालच. फूफीने हे ऐकून बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, म्हणजे माझ्या मुलाकडेही चुकीची प्रत आहे? मी हो म्हणाले. घरात 'मनहूस' हा शब्द त्या दिवसानंतर मी ऐकला नाही. चूक दोन्हीकडून आल्याशिवाय आजार होतच नाही, एवढं एक वाक्य आमच्या लोकांना कुणी आधी सांगितलं असतं तर किती सुनांची झोप वाचली असती.

आणि ती चुकीची प्रत दोघांकडे आली कुठून? आमच्या बाबतीत बहुधा दादा-दादीकडून. ते माझ्या बहिणीचे दादा-दादी आणि तिच्या नवऱ्याचे नाना-नानी. चुलत, मामे, आते, मावस भावंडांच्या जीन्सचा सरासरी आठवा हिस्सा समान असतो. म्हणून सहसा न भेटणाऱ्या दोन चुका नात्यातल्या लग्नात भेटतात.

इथे मला दोन गटांशी बोलायचं आहे आणि दोन्ही गट माझ्यावर नाराज होतील.

पहिला गट माझ्याच लोकांचा. हा विषय काढला की लगेच ऐकायला मिळतं की शरीयतने जायज ठेवलेल्या गोष्टीवर तुम्ही बोट ठेवता. नाही ठेवत. पण जायज आणि फर्ज यातला फरक आपण मकतबमध्ये शिकतो. आते-मामे भावंडांशी लग्न करायला मुभा आहे, हुकूम नाही. मुभा असलेली गोष्ट माणूस परिस्थिती पाहून करतो किंवा सोडतो. ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्ड शहरात जन्मलेल्या मुलांचा मोठा अभ्यास झाला, २०१३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिथल्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत सख्ख्या चुलत-मामे भावंडांची लग्नं भरपूर. जन्मजात दोषाचा धोका साधारण १०० मागे ३ असतो, तो अशा लग्नांत ६ च्या आसपास गेलेला दिसला. याचा अर्थ १०० पैकी ९४ मुलं ठणठणीत. म्हणूनच लोकांचा विश्वास बसत नाही. आमच्या मोहल्ल्यात अशी पन्नास जोडपी आहेत, सगळ्यांची पोरं धडधाकट आहेत, मग तू काय सांगतेस? मी सांगते की ज्या घरात एक मूल असं गेलं आहे त्या घराने पुन्हा त्याच घरात सोयरीक करताना थांबावं. निदान तपासून घ्यावं.

आणि तपासणं आपल्याला नवीन नाही. निकाहाआधी आपल्याकडे म्हाताऱ्या बायका काय विचारतात? या मुलीने त्या मुलाच्या आईचं दूध तर प्यायलेलं नाही ना? दूधशरीक भावंडांत निकाह होत नाही, म्हणून कुठल्या दुपारी कुणी कुणाच्या बाळाला छातीशी लावलं हे वीस-पंचवीस वर्षं लक्षात ठेवलं जातं. माझ्या नानीला असा अख्ख्या मोहल्ल्याचा हिशोब तोंडपाठ होता. दुधाचा एवढा हिशोब ठेवणाऱ्या समाजाला कुणाच्या घरात कोणतं बाळ कितव्या दिवशी आणि कशाने गेलं याचा हिशोब ठेवणं जड का जावं? सौदी अरेबियात २००४ पासून निकाहाआधी सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची आहे. निकाल काहीही येवो, लग्न करायचं की नाही हे त्या दोघांनीच ठरवायचं. इराणमध्ये थॅलेसेमियासाठी हे १९९७ पासून आहे. कतारमध्ये २००३ पासून नवजात बाळांची तपासणी होते. उमराहून येताना आपण खजूर आणि जमजम आणतो, एवढी एक पद्धतही आणायला हरकत नव्हती.

दुसरा गट ज्यांना हा विषय मुसलमानांना टोमणा मारायला हवा असतो त्यांचा. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. चयापचयाचे आजार घराण्यातून येतात हे पहिल्यांदा ओळखलं लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरड या डॉक्टरांनी. १९०२ मध्ये त्यांनी अल्काप्टोन्युरिया या आजारावर लिहिलं. त्यात लघवी हवेत राहिली की काळी पडते, आणि बाळाच्या दुपट्यावरचे डाग पाहून आई घाबरते. गॅरड यांच्या लक्षात आलं की या मुलांचे आईबाप बरेचदा एकमेकांचे चुलत-मामे भावंडं आहेत. ती सगळी विलायती कुटुंबं होती. चार्ल्स डार्विनने आपल्या मामेबहिणीशीच लग्न केलं होतं. आपल्या महाराष्ट्रात मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क सांगणाऱ्या जाती किती आहेत, आणि दक्षिणेत सख्ख्या मामा-भाचीची लग्नं होतात, हे वाचकांना मी सांगायला नको.

बरं, नात्यात लग्न केलं नाही पण शेकडो वर्षं जातीतच केलं, तरी हिशोब फार बदलत नाही. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात भूल देताना वापरायच्या एका औषधाचा निचरा करणारं एन्झाइम नसलेली माणसं जास्त सापडतात. अगरवाल समाजात मेंदूचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार एकाच जुन्या चुकीमुळे फिरतो. हैदराबादच्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये यावर मोठा निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की भारतातले कितीतरी समाज थोड्याशा पूर्वजांपासून वाढले आणि आतल्या आतच लग्नं करत राहिले, त्यामुळे असे आजार त्यांच्यात दडून आहेत. आयर्लंडमध्ये भटक्या ट्रॅव्हलर समाजात गॅलॅक्टोसेमिया काही शेकड्यांत एका बाळाला होतो. तिथलं सरकार काय करतं? त्या समाजाला नावं ठेवत बसत नाही. त्यांच्या बाळांना जन्मल्यापासून सोयाचं दूध देतं, लगेच रक्त तपासतं, आणि निकाल स्वच्छ आला की आईचं दूध सुरू करतं. मला हे वाचून रडू आलं होतं. एका हेटाळल्या गेलेल्या जमातीसाठी कुणीतरी एवढा बारीक विचार केला होता.

हा विचार आपल्याकडे का होत नाही? तंत्र अवघड नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे काही थेंब जाड टिपकागदावर घेतले, वाळवले, तर ते टपालाने प्रयोगशाळेत पाठवता येतात. त्यांच्या स्वतःच्या घरात मतिमंद मुलगा होता आणि बायकोच्या बहिणीच्या मुलीला फेनिलकीटोन्युरिया हा असाच एक आजार निघाला होता. आज एकाच कागदावरून कितीतरी आजार कळतात. गोव्यात २००८ मध्ये सरकारी पातळीवर अशी तपासणी सुरू झाली होती, सुमारे पन्नास आजारांसाठी. काही वर्षांनी ती बंद पडली. केरळने २०१२ च्या सुमारास चार आजार निवडले आणि सरकारी दवाखान्यांत तपासायला सुरुवात केली.  केंद्र सरकारने २०१९ मध्ये आनुवंशिक आजारांसाठी एक कार्यक्रम आणला, त्याचं नाव 'उम्मीद'. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून आमच्या उर्दूतला शब्द काढला आहे, भाषाशिक्षिका म्हणून मला त्याचं कौतुकच वाटलं. त्यात आकांक्षित जिल्ह्यांपैकी काही निवडले, महाराष्ट्रातून वाशिम घेतला. नंदुरबारही आकांक्षित जिल्हा आहे. आमची उम्मीद अजून रांगेत असावी.

आमच्याकडे सिकलसेलसाठी रक्त तपासायची घडी बसलेली आहे. २०२३ पासून देशभराची सिकलसेल मोहीम चालू आहे. आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येतात, तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशीही. म्हणजे नेमक्या त्याच दिवसांत एक प्रशिक्षित बाई त्या बाळासमोर बसलेली असते. तिच्या वहीत एक प्रश्न वाढवायचा आहे: या घरात याआधी महिन्याच्या आत मूल गेलं आहे का? गेलं असेल तर या बाळाच्या टाचेचे थेंब घ्यायचे आणि त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. सगळ्या बाळांची तपासणी परवडत नाही असं म्हणत असाल तर इथून सुरुवात करा. नुसत्या प्रश्नाला खर्च येत नाही. सुरतच्या त्या डॉक्टरांनी आधी प्रश्नच विचारला होता.

'दुर्मिळ' या शब्दावर माझा रागच आहे. जो आजार तपासलाच जात नाही तो दुर्मिळच राहणार. अक्राणीच्या डोंगरात नाहीतर नर्मदाकाठच्या पाड्यावर दहाव्या दिवशी पिवळं पडून गेलेलं बाळ कुठल्या यादीत जातं? कमी वजन, जंतुसंसर्ग, कावीळ. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाने डागतात, त्याला डंबा म्हणतात. बातमी येते, भगताला शिव्या पडतात, ते योग्यच आहे. पण त्या बाळांचं पोट कशाने फुगलं होतं हे विचारणारी बातमी मी वाचलेली नाही. त्यातल्या एखाद्याचं यकृत याच प्रकारच्या आजाराने सुजलेलं नसेल कशावरून?

पैशाचंही थोडं सांगते. १७ एप्रिल २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मनमोहन यांनी एक निकाल दिला. रिक्षा ओढणाऱ्या एका मुस्लिम बापाच्या मुलाला गॉशे नावाचा असाच आनुवंशिक आजार होता, आधीची भावंडं त्यातच गेली होती, आणि औषधाचा महिन्याचा खर्च लाखांत. मुलावर मोफत उपचार करा, गरिबाच्या मुलाचा जीव पैशावाचून जाऊ देता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. मार्च २०२१ मध्ये केंद्राचं दुर्मिळ आजारांचं धोरण आलं. आधी काही आजारांपुरती २० लाखांची मदत होती, मे २०२२ पासून ठरवून दिलेल्या केंद्रांत उपचार घेणाऱ्यांना ५० लाखांपर्यंत झाली. मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र. नंदुरबारहून तो रात्रभराचा प्रवास आहे आणि ओलं बाळंतपण झालेली बाई तो करत नाही. गॅलॅक्टोसेमियासारखे जे आजार फक्त आहार बदलून आटोक्यात राहतात, त्यांच्या खास आहारासाठी राज्यांनी मदतीचा विचार करावा असं त्या धोरणात लिहिलं आहे. कोट्यवधींचं औषध लागणाऱ्या बाळांच्या बातम्या होतात, वर्गण्या जमतात, जमायलाच हव्यात. सोयाचा डबा चार-पाच दिवसांत संपतो आणि तो घ्यायला बापाकडे पैसे नसतात, ही बातमी होत नाही. माझ्या मेहुण्याने पहिल्या वर्षी मोटारसायकल विकली.

भाचा आता सहा वर्षांचा आहे, माझ्याच शाळेत पहिलीला. बरा झाला असं मी म्हणत नाही, हा आजार बरा होत नाही. वेळेवर दूध तोडलं तरी काही मुलांचं बोलणं उशिरा येतं, शिकायला जड जातं. मुलींना मोठेपणी अंडाशयाचा त्रास होऊ शकतो. हा उशिरा बोलला, अजून 'र' आणि 'ल' त्याला एकच वाटतात. वर्गात तो पटकन उत्तर देत नाही, पण विचारल्यावर थांबलं तर देतो. मी शिक्षिका असून थांबायला मला त्याच्यामुळे शिकावं लागलं. औषधाच्या गोळीतही लॅक्टोज असतं, हे त्याच्या बहिणीला पाठ आहे. ती पाकिटामागची बारीक अक्षरं वाचते आणि मगच त्याला बिस्किट देते. ईदला फूफी स्वतः दोन पातेली चढवते, एकात सगळ्यांचा शीरखुर्मा आणि दुसऱ्या छोट्यात नारळाच्या दुधाचा. आधी छोटं पातेलं उतरतं, चमचा त्यातून यात जायला नको म्हणून.

बहिणीने एकदा मला विचारलं की पहिल्या वेळी तू पाजत राहा म्हणाली नसतीस तर? मी म्हणाले, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, मालूम है, मैं सिर्फ पूछ रही हूँ.

या वर्षी फलक मीच लिहिला. अमृत तसंच ठेवलं, आबे-हयातही. खाली बारीक अक्षरात दोन ओळी वाढवल्या की बाळ दूध ओढत नसेल, सारखं ओकत असेल, पिवळं पडून सुस्त होत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि घरात आधी असं मूल गेलं असेल तर ते डॉक्टरांना विचारायच्या आधी सांगा. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, फलकावर एवढं कोण वाचतं? फेरी आमच्या गल्लीतून गेली तेव्हा एक बाई ओट्यावरून उतरून फलकाजवळ आली, कडेवर बाळ होतं. तिने मुलींना थांबवलं आणि त्या खालच्या दोन ओळी वाचून दाखवायला सांगितलं.